गोंड्याखालचा दोर

माझे वडील विठ्ठलराव यांच्याबद्दल आमच्या गावात कुणालाही विचारा, दोन गोष्टी हमखास कानावर येतील. एक म्हणजे, या माणसासारखी गाठ आसपासच्या दहा गावांत कुणी मारत नाही. आणि दुसरी, याच माणसाची गाठ ऐन पोळ्यात सुटली, बैल उधळला आणि त्यांनी स्वतःचा खुबा मोडून घेतला. दुसरी गोष्ट सांगताना लोक हसतात. बाबाही त्यांच्यासोबत हसतात. मी मात्र बारा वर्षांत एकदाही हसले नाही, कारण गाठ सुटलीच नव्हती.

आमचं गाव उमरखेड तालुक्यात, ढाणकीपासून जवळच. कपाशी, सोयाबीन आणि पट्ट्यापट्ट्यानं तूर, असं सगळ्यांसारखंच आमचं शेत. बाबा बोलायला अगदीच कमी. आई, म्हणजे इंदुताई, दोघांच्या वाटचं बोलून घेते, त्यामुळे घरात कधी शांतता अशी नसतेच. बाबांचं सगळं बोलणं हातात. गोऱ्ह्याला वेसण घालायची असली, गाडीवर कपाशीच्या पऱ्हाट्या आवळायच्या असल्या, विहिरीत पडलेली बादली काढायची असली, की लोक बाबांना बोलवायला यायचे. कुणी बाजारातून नवा दोर आणला तर आधी यांच्या हातात द्यायचा. बाबा तो मुठीतून सरकवत न्यायचे आणि मध्येच थांबून म्हणायचे, "इथं पीळ ढिला हाये." डोळे तिसरीकडेच असायचे. ही त्यांची खोड मला पाठ होती, आणि तरीही मी मूर्खासारखी वागले, ते आता सांगते.

मी सहावीत होते. जून महिन्यात शाळेतल्या बाईंनी सांगितलं, की वडिलांचा म्हणून एक दिवस असतो आणि त्या दिवशी मुलांनी स्वतःच्या हातानं काहीतरी बनवून वडिलांना द्यायचं असतं. आम्ही कार्ड बनवलं. मी पुठ्ठ्यावर चमकी चिकटवली, बदामाचा आकार कापला आणि त्यात बाबांचं चित्र काढलं. चित्रातल्या बाबांना टाय होता. बाबांच्या गळ्यात मी आजवर दुपट्ट्याशिवाय काही पाहिलं नव्हतं, पण बाईंच्या नमुन्यात टाय होता म्हणून आमच्या वर्गातल्या सगळ्याच बापांना त्या दिवशी टाय मिळाला.

पेरणीचे दिवस होते. बाबा संध्याकाळी आले ते कोपरापर्यंत चिखलानं भरलेले. मी कार्ड पुढं केलं. त्यांनी हात मागं घेतले.

"वर ठेव बाई. माहे हात भरले हायेत."

मी ते कॅलेंडरच्या मागं खोचलं. हात धुऊन, जेवून ते झोपले. दुसऱ्या दिवशी पहाटेच शेतात गेले. कार्ड तिथंच राहिलं आणि पुढं त्याच्यामागं पालीनं अंडी घातली. मला राग आला. बाबांचा नाही, कार्डाचा. ज्याला बापाचे भरलेले हात लावता येत नाहीत, ती कसली भेट? मी ठरवलं, त्यांना अशी वस्तू द्यायची जी त्यांच्या त्याच हातात रोज राहील. पोळ्याला हरण्यासाठी कासरा वळायचा.

हरण्या आमच्या जोडीतला उजवीकडचा बैल. रंग हरणासारखा, आणि स्वभाव इतका गरीब की मी त्याच्या पोटाखालून या बाजूची त्या बाजूला जायची. डाव्या कानाला लहानपणी काटेरी तारेनं पडलेली फाट होती. दुसरा काजळ्या, तो जरा शिष्ट. पोळ्याला बैलाचं सगळं नवं लागतं, वेसण नवी, म्होरकी नवी आणि वेसणीला बांधून हाती धरायचा लांब कासराही नवा. आताशा सगळे बाजारातून नायलॉनचे आणतात. आमच्याकडे तेव्हा आजोबा, म्हणजे बापूजी, अजून अंबाडीचा वळायचे. शेताच्या धुऱ्यावर लावलेली अंबाडी सोलून तिच्या वाकाची, म्हणजे सालीच्या धाग्यांची, एक पेंढी गोठ्याच्या आढ्याला टांगलेली असायची. मी बापूजींच्या मागं लागले.

बापूजींनी शिकवलं. ढेरा नावाचं लाकडाचं फुलीसारखं साधन असतं, ते गरगर फिरवून वाकाचं सूत काढायचं. मग एक टोक खुंटीला अडकवून तीन पदर एकमेकांत पिळायचे. वाक आदल्या दिवशी भिजत घालावा लागतो, नाहीतर पीळ बसत नाही. माझ्या तळहाताला फोड आले. बाबांना कळू नये म्हणून ते शेतातून यायच्या आत सगळं पसाऱ्यासकट लपवायचं. बापूजींना एकदा गोठ्यात जुनं पोतं दिसलं तेव्हा त्यांनी ते हातात धरून त्याची सुतळी तोडून दाखवली होती.

"हे पाह्य. हिच्यात जीव नसते. वलीनं खाल्लेली असते. बैलाच्या दोरात हिचा एक धागा बी घालाचा नाही."

"हाव बापूजी," मी म्हणाले होते. चांगलं आठवतं मला.

पोळा चार दिवसांवर आला आणि बापूजी आत्याकडे उमरखेडला गेले. कासरा पूर्ण व्हायला हातभर बाकी होता आणि पेंढीतला वाक संपला. शेजारच्या रामरावकाकांच्या गोठ्यात वाक होता. मागितला असता तर त्यांनी हसत दिला असता. पण त्यांच्याकडे गेले की गुपित बाबांच्या कानावर जाणार, शिवाय पुन्हा भिजत घाला, पुन्हा सूत काढा, पुन्हा फोड. मला कंटाळा आला होता. खरं कारण एवढंच आहे, बाकीची मी नंतर जोडली. मी गोठ्यातलं तेच पोतं उसवलं, त्याची सुतळी काढली आणि उरलेल्या हातभर जागेत भरून पीळ दिला. रंग थोडा काळपट दिसत होता. मग आईच्या डब्यातली लाल आणि पिवळी लोकर घेऊन त्या जागेवर एकाखाली एक असे पाच गोंडे गुंडाळून बांधले. काळपट काही दिसेना. उलट कासरा इतका देखणा दिसायला लागला, की मला माझंच कौतुक वाटलं.

पोळ्याच्या सकाळी बैल नाल्यावर धुऊन आणले होते, शिंगांना रंग लावून झाला होता. बाबा खुंटीवरचा बाजारातून आणलेला कासरा घ्यायला वळले, तेव्हा मी पाठीमागून माझा काढला.

त्यांनी तो हातात घेतला आणि सवयीनं मुठीतून सरकवत नेला. गोंड्यांपाशी त्यांचा हात थांबला. अंगठा तिथंच दोनदा फिरला.

"कोनं वळला?"

"म्या. म्या एकटीनं. तुमच्यासाठी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, गोंडे आवडले. मग ते हसले. बाबा असे दात दिसेपर्यंत क्वचितच हसतात. त्यांनी कासरा हरण्याच्या वेसणीला बांधला आणि मारुतीच्या पारापर्यंत जाताना वाटेत जो भेटेल त्याला सांगितलं, "माह्या पोरीनं वळला." वर्षभराचं बोलणं त्यांनी त्या वाटेवर बोलून घेतलं.

आमच्या गावात तोरणाखाली पाटलांची जोडी पहिली जाते आणि त्यामागोमाग आमची. मी पाराच्या पायरीवर बायका-पोरांत उभी होते. डफडी वाजत होती, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, चालल्या होत्या. कुणीतरी उत्साहानं फटाक्यांची लड लावली आणि ती नेमकी बैलांच्या मागं फुटली. हरण्यानं मान झटकली. मी कासऱ्याकडेच बघत होते, दुसरीकडे बघायचं कारणच नव्हतं. कासरा गोंड्यांपाशी तुटला. लोकर हवेत उडालेली मी पाहिली.

हरण्या पायरीच्या बाजूनं आला. तिथं आम्ही पोरं होतो. बाबांनी काजळ्याला सोडलं, मध्ये धावले आणि हरण्याची शिंगं दोन्ही हातांनी कवटाळली. घाबरलेल्या बैलानं मान फिरवली आणि बाबा पाराच्या दगडी कडेवर जाऊन आदळले. तेवढं करून हरण्या थांबला. थांबून तो बाबांना हुंगायला लागला, पण तोवर लोकांनी त्याच्यावर काठ्या उगारल्या होत्या आणि रामरावकाकांनी त्याला ओढत दूर नेलं होतं.

बाबांच्या हातातला तुटका तुकडा पायरीजवळ पडला होता. सगळे बाबांभोवती गोळा झाले होते. मी तो तुकडा उचलला, फ्रॉकखाली धरला आणि घरी पळत जाऊन चुलीत घातला. बाप आडवा पडलेला असताना मला हे सुचलं. बारा वर्षांच्या पोरीला एवढी अक्कल कुठून येते, कोण जाणे.

परत आले तेव्हा बाबांना जीपमध्ये घालत होते. वेदनेनं तोंड पांढरं पडलं होतं. कुणीतरी विचारलं, कसं झालं? आणि मी माझ्या कानांनी ऐकलं. बाबा म्हणाले, "गाठ सुटली. माहीच गाठ ढिली राह्यली."

मला वाटलं, गर्दीत त्यांना दिसलं नाही. देवाची कृपा.

खुब्याचं ऑपरेशन नांदेडला झालं. बाबा तिथं पडून असताना गावात बोलणं सुरू झालं. गाठ सुटली म्हणून काय झालं, गरीब बैल मालकावर जातो का? पोळ्याच्या दिवशी ज्यानं धन्याला पाडलं त्याला दावणीला ठेवू नये. हरण्या मारका ठरला. बापूजींनी त्याला ढाणकीच्या बाजारात विकला. मी त्या सकाळी शाळेत गेले नव्हते. त्याला न्यायला लागले तेव्हा मी गोठ्याच्या दारात होते आणि माझ्या तोंडात एकच वाक्य होतं, की बैलाची चूक नाही, दोर सडका होता. ते मी बोलले असते तर त्याला परत बांधला असता. मी बोलले नाही. हरण्या जाताना माझ्याजवळ थांबला, कारण मी रोज त्याला काही ना काही द्यायची. माझे हात रिकामे होते.

पुढल्या साली काजळ्याही गेला. मग आमच्याकडे भाड्याचा ट्रॅक्टर आला. बाबा काठी घेऊन, एका बाजूला कलंडत चालायला लागले. नांगर, वखर सगळं सुटलं. ते ओट्यावर बसून गावाच्या बाजा विणायला लागले. बाज एकट्यानं विणता येत नाही म्हणून मी समोर बसून दोरी ओढून धरायची. पाय दाबून द्यायची, औषध द्यायची, अभ्यासही करायची. आयाबाया म्हणायच्या, "नयनसारखी पोरगी पाहिजे, बापाची किती सेवा करते." सेवा कुठली आली त्यात, मी फक्त माझी चूक झाकत होते. आधी लोकरीनं झाकली, मग सेवेनं.

बाबांची एक सवय मात्र नवी लागली होती. दर बाजाराच्या दिवशी ते पिशवी घेऊन ढाणकीला जायचे. कुणाच्या तरी गाडीवर बसून, नाहीतर एसटीनं. संध्याकाळी रिकामी पिशवी घेऊन परत. आई त्यांना सोडायची नाही. "लंगडत लंगडत जातेत अन् च्या पिऊन येतेत. ढाणकीचा च्या काय सोन्याचा हाये का?" बाबा पिशवी खुंटीला अडकवायचे आणि हसायचे. आम्हीही हसायचो. म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाला गंमत लागते, एवढंच मला वाटायचं.

मी शिक्षिका झाले. नेमणूक मारेगाव तालुक्यात मिळाली, म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. खोटं कशाला सांगू, एवढ्या लांबच्या गावाचं नाव पाहून मला बरं वाटलं होतं.

यंदाच्या जूनमध्ये आमच्या शाळेतल्या ममता मॅडमनी तीच टूम काढली. वडिलांसाठी घरच्या घरी भेटवस्तू बनवायची. माझ्याकडे तिसरीचा वर्ग. मुलांनी कागदी फुलं, मातीचे बैल, डब्याचे कंदील असं काय काय बनवलं. प्रेरणा नावाच्या मुलीनं आइस्क्रीमच्या काड्यांचा पेन ठेवायचा डबा केला होता. तो तिनं माझ्यासमोर धरला आणि हळूच म्हणाली, "मॅडम, इथली काडी तुटली होती. मी वरून फूल चिकटवलं. दिसते का?"

"नाही दिसत," मी म्हणाले. मुलांना गाणं म्हणायला सांगून मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. पेनाचा डबा मोडला तर कुणाचा खुबा मोडत नाही, हे मला कळत होतं. तरी त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी गाडी पकडली, दोन ठिकाणी बदलली आणि घरी पोचले.

रविवारी सकाळी बाबा ओट्यावर बाज विणत होते. नेहमीसारखी मी समोर बसले आणि दोरीचं टोक धरलं. आई मागं अंगणात होती. मी खाली दोरीकडे बघत बोलायला सुरुवात केली आणि थांबले नाही. संपलेला वाक, पोत्याची सुतळी, लोकर, चुलीत घातलेला तुकडा, गोठ्याच्या दारात गिळलेलं वाक्य, सगळं सांगितलं. "बाबा, तुमची गाठ सुटली नव्हती. दोर तुटला होता. तुमचा पाय म्या मोडला. हरण्याले बी म्याच घालवलं."

बाबांनी हातातली गाठ पूर्ण केली. मग म्हणाले, "मले मालूम होतं."

मी वर पाहिलं.

"बैलाकडचा तुकडा रामरावानं नांदेडले आनून देल्लता. त्याले म्हनलं, गप राह्य."

"म्हंजे तवापासून?"

"त्याच्याबी आधीपासून," ते म्हणाले. "सकाळीच. हातात घेतला तवाच समजलं, का गोंड्याखाली दुसरं काई तरी हाये."

तो थांबलेला हात मी बारा वर्षं कौतुक म्हणून जपला होता. मी विचारलं, "मंग बांधला काहून, बाबा?"

"तू समोर उभी होती ना." त्यांनी दोरी पुढं ओढली, मला म्हणाले, "ताण जरा." मी ताणली. "खुटीले नवा कासरा टांगलेला होता. तो घेतला असता तं तुहं तोंड उतरलं असतं. मले वाटलं, येवढंसं पारापर्यंत जाचं अन् याचं. हरन्या गरीब बैल. माहा हात हाये धराले. तू लेकरू होती पोरी, तुले काय समजते. मी तं जानता मानूस."

"पन नंतर तं सांगाचं होतं. हरण्या राह्यला असता."

"हाव, राह्यला असता." त्यांनी हातातली दोरी बाजेवर ठेवली. "पन मंग समद्या गावानं तुले म्हनलं असतं, का पोरीनं दोर वळला अन् बाप पाडला. जल्मभर म्हनलं असतं. बैल तं बोलत नाही. म्हून त्याच्या माथी जाऊ देल्लं." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "त्यानं काईच केलं नव्हतं."

मी क्षमा मागायला गेले होते. पाया पडायचं, रडायचं, बाबा डोक्यावर हात ठेवतील आणि मी हलकी होऊन सोमवारी शाळेत जाईन, असा माझा हिशेब होता. त्यांनी मला केव्हाच माफ केलं होतं, किंवा माझा दोष त्यांनी कधी धरलाच नव्हता. पण त्याची भरपाई एका मुक्या जनावरानं केली होती, आणि ते माझ्या बापाला बारा वर्षं खात होतं. माझं ओझं उतरलं नाही. उलट आता त्यांचंही दिसायला लागलं.

आतून आईचा आवाज आला, "बाजार हाये आज. जा लवकर, च्या थंडा होईन तिथला."

बाबांनी काठी घेतली, खुंटीवरची पिशवी घेतली. दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "येतं का?"

ढाणकीच्या बाजारात बाबा भाजीच्या ओळीकडे गेले नाहीत, चहाच्या टपरीकडेही नाही. ते सरळ मागच्या मैदानाकडे निघाले, जिथं गुरं बांधलेली असतात. काठी टेकत ते एकेका दावणीपुढून जायला लागले. हरणाच्या रंगाचा बैल दिसला की थांबायचे, वाकून त्याचा डावा कान बघायचे आणि पुढं व्हायचे. विकणारे त्यांना ओळखत होते. त्यातला एक जण मला म्हणाला, "बुढा दर बाजारी येते. घेत काईच नाही."

बैल एवढी वर्षं टिकत नाही हे शेतकऱ्याच्या पोरीला कुणी सांगायला नको. बाबांनाही सांगायला नको होतं. मी दुसऱ्या बाजूच्या ओळीनं निघाले आणि कान बघायला लागले. ऊन चढेपर्यंत आम्ही दोघांनी मैदान पूर्ण केलं. शेवटच्या खुंट्यापाशी बाबा माझी वाट बघत उभे होते. मी मान हलवली. त्यांनीही हलवली.

घरी आलो तेव्हा आई दारातच होती. "आज तं दोघं गेलते. काय आनलं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या हातातून पिशवी घेतली आणि खुंटीला अडकवली.

"काई नाही," मी म्हणाले. "च्या पेऊन आलो."